राक्षसाचा मार

कडूबाच्या आधी कौशल्याबाईंची दोन पोरं गेली होती. तिसरं तरी वाचावं, देवाला ते गोड लागू नये, म्हणून त्याचं नाव कडू ठेवलं. तो वाचला. धामणगाव बढ्यापासून तीन कोसांवर एका लहानशा गावात त्याच्या वडिलांचा, अर्जुनरावांचा, भाजीपाल्याचा मळा होता. विहिरीवर मोट, दोन बैल, वांगी, मिरची, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. बाजारात अर्जुनरावांच्या जुड्या इतरांपेक्षा जाड असत, त्यामुळे त्यांचा माल आधी उठे. गावात भांडण झालं की मिटवायला त्यांनाच बोलावत. आवाज न चढवता बोलणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं.

घरात ते बायकोला मारत. गावाला हे माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. कौशल्याबाईंच्या गालावर वळ दिसला तर त्या म्हणत, बैलानं मान झटकली. शेजारची गोजरबाई तेवढ्यावर मान हलवी आणि पाण्याची घागर उचले.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. कडूबा एकोणीस वर्षांचा होता. मिरचीची गाडी घेऊन तो संग्रामपूरकडे गेला असताना तिथल्या जत्रेत त्यानं बाहुल्यांचा खेळ पाहिला. खेळ संग्रामपूरच्याच इंद्रभान मिस्त्रीचा. इंद्रभान जातीनं सुतार. तरुणपणी राजस्थानकडचं एक बाहुलीवाल्यांचं कुटुंब पावसाळाभर त्याच्या अंगणात मुक्कामाला होतं, त्यांच्याकडून तो ही विद्या शिकला होता. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची तोंडं, चिंध्या भरलेले हात, पाय नाहीतच, कमरेखाली नुसता घोळदार झगा. चार-पाच दोरे बोटांत अडकवायचे आणि पडद्याआड उभं राहून नाचवायचं. त्याची बायको रुखमाबाई पडद्यापुढे बसून ढोलकी वाजवी आणि गोष्ट सांगे. राणीला राक्षस पळवून नेतो. तिला सोडवायला राजा, सेनापती, पहेलवान आणि शेवटी मुसळ घेतलेली एक म्हातारी जाते. गोष्ट इंद्रभाननंच रचलेली होती. लोक यायचे ते मारामाऱ्या पाहायला.

कडूबानं तो खेळ दिवसभरात तीनदा पाहिला. मिरची विकून झाल्यावर गाडी आपल्या गावच्या एका माणसाबरोबर परत पाठवली आणि इंद्रभानपुढे जाऊन उभा राहिला.

"मले शिकवा."

"भाजीवाल्याचा पोरगा तू. बोटं पाह्य तुही, खुरप्यानं जाड झाली."

"पातळ करतो," कडूबा म्हणाला.

इंद्रभान हसला आणि त्यानं त्याला ठेवून घेतलं. अर्जुनरावांनी निरोप आल्यावर थोडा राग केला, मग म्हणाले, पोट भरत असेल तर भरू दे.

पहिलं दीड वर्ष कडूबा नुसतं चालणं, वाकणं, बसणं शिकला. ज्याला पाय नाहीत त्याला चालवायचं म्हणजे झगा जमिनीला टेकायचाही नाही आणि वर तरंगायचाही नाही. ते जमल्यावर इंद्रभाननं मारामारी हातात दिली. कडूबा खूश झाला. दणादण हाणाहाणी करू लागला. लाकडावर लाकूड वाजे आणि त्याला वाटे, जमलं.

एके दिवशी इंद्रभाननं सगळ्या बाहुल्यांना डोक्यापासून खालपर्यंत गोणपाटाचे एकसारखे तुकडे गुंडाळले. तोंडं झाकली, कपडे झाकले. रुखमाबाईला समोर बसवलं आणि कडूबाला म्हणाला, "आता लढव."

कडूबानं लढवलं.

"कोन कोनाले मारून राह्यलं?" इंद्रभाननं बायकोला विचारलं.

"मले काय मालूम? पोतं पोत्याले मारून राह्यलं," रुखमाबाई म्हणाली.

इंद्रभाननं कडूबाच्या बोटांतून दोरे काढून घेतले. "आयक बे. तोंडं म्या येगयेगळी कोरली अन् तू साऱ्यायले एकच हात देऊन राह्यला. असं असतं त एकच बाहुली पुरली असती. मार त झटक्यात होऊन जाते, त्यात काय दिसते? मारायच्या आंगोदर मानूस काय करते अन् मारून झाल्यावर काय करते, ते पाह्य. मानूस तेथी दिसते."

त्यानंतर कडूबा बाजारातून फिरू लागला तो डोळे उघडे ठेवून. माणसं एकमेकांना आणि जनावरांना कशी मारतात हे तो पाहायचा. शाळेतले नारायणराव मास्तर छडी मारण्याआधी तळहाताला ती दोनदा हळूच टेकवून अंतर मोजत, तिसऱ्या वेळी खरी बसे. तो मार त्यानं सेनापतीला दिला. एक मोठा जमीनदार सालदारावर छत्री उगारताना आधी आजूबाजूला पाही, हे काम दुसरं कोणी करील का म्हणून. मग नाइलाज झाल्यासारखा, नाजूक फटका देई. तो राजाला शोभला. पहेलवानाला त्यानं गोऱ्ह्याची चाल दिली: सगळं अंग खाली बसायचं, मान आत जायची, क्षणभर काहीच हलायचं नाही, आणि मग एकदम सगळं एका वेळी यायचं. म्हातारीसाठी संग्रामपूरच्या बाजारातली एक माळीण सापडली. गाय टोपलीत तोंड घालायला आली की ती स्वतःच घाबरून मागं सरके, तोंड फिरवून काठी हाणे, आणि गाय निघून गेल्यावरही दोन फटके जमिनीवर मारी. या म्हातारीला लोक पोट धरून हसत.

गोणपाट गुंडाळूनही आता रुखमाबाई एकेकाला ओळखू लागली. फक्त राक्षस राहिला. कडूबानं त्याला दोन्ही हात पसरून धावायला लावलं, गरगर फिरवलं, उंच उचलून आपटलं.

"हा बी पहेलवानच हाये. जरासा पेलेला," रुखमाबाई म्हणायची.

असं वर्ष गेलं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तो घरी गेला. पाहुणे आले होते. जेवताना अर्जुनराव सांगत होते की आपल्या विहिरीला उन्हाळाभर पाणी तुटत नाही. वाढता वाढता कौशल्याबाई सहज बोलून गेल्या, "यंदा त तळ दिसून राह्यला." अर्जुनराव हसले. पाहुणेही हसले. दुपारी पाहुण्यांना गाडीत बसवून ते परत आले, तेव्हा कौशल्याबाई ताटं उचलत होत्या आणि कडूबा खांबाला टेकून बसला होता.

"पाहुण्यायले तळ दाखवला," अर्जुनराव शांतपणे म्हणाले. "बरं. जाऊ दे."

ते वळले. पाठ फिरवून दाराकडे दोन पावलं चालले, राग विसरून बाहेर जाणाऱ्या माणसासारखे. कौशल्याबाईंनी हातातली ताटं खाली ठेवली आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. अजून काहीच झालं नव्हतं. मग अर्जुनराव दारातून गर्रकन फिरले आणि पालथ्या हाताचा तडाखा कानशिलाजवळ त्यांच्या हातांवर बसला. त्यानंतर ओलं काहीतरी हाताळल्यासारखा त्यांनी हात धोतराला पुसला आणि मळ्यात निघून गेले.

कडूबा एकवीस वर्षांचा होता, बापापेक्षा उंच होता. तो जागचा हलला नाही. त्याला भीती वाटली म्हणून नाही. तो पाहत होता. खांदा आधी फिरला की मान, हात कुठून आला, पुसताना बोटं कशी होती, हे तो पाहत होता. परतीच्या वाटेवर हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं गाडी थांबवायला सांगितली आणि उरलेली वाट तो पायी चालला.

आणि तरीही दोन दिवसांनी राक्षस त्याच्या उजव्या हातात होता आणि राणी डाव्या हातात. राक्षसाची पाठ फिरली. तो दोन पावलं लांब गेला. राणीचे दोन्ही हात एकाच दोऱ्यावर होते, ते वर उचलून डोक्यावर ठेवणं सोपं होतं. राक्षस वळला तेव्हा त्याचा झगा भोवऱ्यासारखा फुलला, हात त्या घेरातून बाहेर आला, बसला, आणि मग कमरेला हळूच पुसला गेला.

दोन्ही बाहुल्या गोणपाटात होत्या. रुखमाबाई बसल्या जागी मागं सरकली.

"हा राक्षस," ती म्हणाली. "ठेव त्याले खाली. मले भेव लागून राह्यलं."

इंद्रभाननं विचारलं, "कोनाचा मार हाये हा?"

"सुचला असाच."

"असं सुचत नसते बे," इंद्रभान म्हणाला.

त्या माराचं नाव झालं. मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद, जिथं जत्रा तिथं लोक विचारत, राक्षसवाले आले काय? राक्षसानं पाठ फिरवली की गर्दी गप्प होई. लहान पोरं राणीला ओरडून सांगत, पळ, पळ, तो चालला नाही! आणि राणी पळत नसे. कडूबाला पडद्याच्या फटीतून ती तोंडं दिसत. त्या शांततेसारखं सुख त्याला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं. आपल्या गावचं बोलावणं मात्र त्यानं चार वर्षं टाळलं. कधी तापाचं निमित्त काढलं, कधी बाहुल्या दुरुस्तीला आहेत म्हणून सांगितलं.

पाचव्या वर्षी अर्जुनराव स्वतः संग्रामपूरला आले. नारळ घेऊन, स्वच्छ धोतर नेसून. "मिस्त्री," ते इंद्रभानला म्हणाले, "साऱ्या जिल्ह्यात पोराचा खेळ होते अन् आमच्याच गावात नाही. लोकं काय म्हनतीन? हनुमान जयंतीले या." बोलताना त्यांनी कडूबाच्या पाठीवर हात ठेवला होता. इंद्रभाननं नारळ घेतला.

ते गेल्यावर कडूबा म्हणाला, "तेथी राक्षसाचा मार बदलतो मी."

"बदल ना. दोरे तुह्याच बोटांत हायेत."

आठ दिवस त्यानं दुसरा मार बसवला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन सरळ खाली आदळायचे, बस. चांगला होता तो. कोणाचाही नव्हता.

हनुमान जयंतीला उन्हं कलल्यावर पारासमोर पडदा लागला. पुढं सतरंजीवर अर्जुनराव चार प्रतिष्ठितांबरोबर बसले होते. डावीकडे बाया. कौशल्याबाई नवं लुगडं नेसून गोजरबाईशेजारी बसल्या होत्या. मुलाचा खेळ त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. खेळ सुरू झाला तो रंगेना. प्रसादाची गडबड चालली होती, माणसं उठत होती, कोणी मोठ्यानं बोलत होतं. राजाची लढाई वाया गेली. मागून कोणी म्हणालं, "काय बे, याच्यासाठी एवढं नाव?" ते कडूबाला पडद्याआड ऐकू आलं.

राक्षस आणि राणी समोर आले. कडूबानं राक्षसाचे दोन्ही हात वर न्यायचे होते. त्यानं राक्षसाची पाठ फिरवली.

पुढं अनेक वर्षं तो सांगत असे की सवयीनं हात गेला. ते खोटं होतं, आणि शेवटी शेवटी तो ते कबूलही करी. पाठ फिरवल्याबरोबर सगळं गाव गप्प झालं आणि त्याला ती शांतता हवी होती. बापानं पाहावं असंही त्याला वाटलं. मायचा विचार त्या वेळी मनात आला नाही.

राक्षस दोन पावलं गेला. राणीचे हात डोक्यावर गेले. झगा फुलला, तडाखा बसला, हात कमरेला पुसला गेला.

"अवं माय!" गोजरबाईच्या तोंडून निघून गेलं. "हा त अर्जुनराव!"

आधी बाया हसल्या, मग सगळंच गाव. वाईट मनानं कोणी हसलं नसेल. इतकी वर्षं सगळ्यांनी जे पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, ते झगा घालून नाचलं, म्हणून हसू फुटलं. कोणी म्हणालं, "पुन्हा एक बार!" अर्जुनरावांना कळायला वेळ लागला. तेही हसत होते. मग सगळे आपल्याकडे पाहून हसताहेत हे त्यांना दिसलं. ते उठले नाहीत, खेळ संपेपर्यंत बसून राहिले. कौशल्याबाईंनी पदर तोंडावर ओढला आणि त्या बायांमधून वाट काढत निघून गेल्या. त्यांना जाताना पाहून आणखी थोडं हसू झालं.

संध्याकाळी कडूबा घरी गेला तेव्हा अर्जुनराव ओट्यावर बसले होते. "चांगला झाला खेळ," एवढंच ते म्हणाले. कौशल्याबाईंनी जेवायला वाढलं आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. सकाळी तो निघाला तेव्हा पारावर पोरं खेळत होती. एकानं पाठ फिरवायची, दोन पावलं जायचं आणि गर्रकन वळून मारायचं. दुसऱ्यानं डोक्यावर हात घ्यायला उशीर केला तर तो बाद. त्या खेळाला पोरांनी नाव दिलं होतं, अर्जुनराव-अर्जुनराव.

तीन-चार महिन्यांनी, बाप बाजाराला गेलेला वार साधून, कडूबा मायला भेटायला आला. ती मळ्यात मेथी खुडत होती. भुवईवर नवी खोक होती, नीट न भरलेली.

"माय, मारणं थांबलं नाही?"

"काऊन थांबते?"

"मले वाटलं, लाज वाटली असंन त्याले. साऱ्या गावात..."

कौशल्याबाईंनी खुडणं थांबवलं. "लाज वाटली ना. म्हनून आता तो पाठ फिरवत नाही." त्या हळू बोलत होत्या, एखाद्या भाजीबद्दल बोलावं तशा. "पह्यले मले समजे. तो दाराकडे चालला का मी हात डोक्यावर घेऊ. मार हातावर बसे. आता लोकायची आठवन येते त्याले, तो वळतच नाही. बसल्या जागून मारते. जेवता जेवता, बोलता बोलता. मले समजतच नाही बापू, कवा येनार ते."

कडूबा खाली बसला. "माह्यासंगं चाल. संग्रामपूरले."

"काय करू तेथी? तू मले त्या बाहुल्यायच्या पेटीत ठेवशीन?" मग त्या म्हणाल्या, "त्या दिशी आखाजीले तू खांबापाशी बसला होता. मले वाटलं, पोरगं भेलं. तू भेला नव्हता. तू पाहून राह्यला होता. तो खेळ पाह्यला तवा समजलं मले."

त्यांनी मेथीची एक जुडी बांधून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बाजारातून लोकं वापस याच्या आत जाय."

कडूबानं इंद्रभानला सगळं सांगितलं आणि राक्षस सोडला. इंद्रभान राक्षस स्वतः धरू लागला. पण त्याची बोटं आता आखडली होती. राक्षस पाठ फिरवी तेव्हा लोकांना वाटे, दोरा अडकला. पुढच्या तीन जत्रांत लोक उठून गेले. चौथ्या जत्रेत इंद्रभाननं राणीचे हात चुकीच्या वेळी उचलले आणि कडूबाला ते सहन झालं नाही. त्यानं पुढं होऊन दोरे आपल्या बोटांत घेतले. त्या दिवशी खेळ पुन्हा रंगला. त्यानंतर राक्षस त्याच्याच हाती राहिला.

तो घरी जाईनासा झाला. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, सगळी माणसं खडी फोडायच्या कामावर होती तेव्हा, कौशल्याबाई गेल्या. तापानं गेल्या असं गाव म्हणालं. कडूबा सिंदखेडकडे खेळ घेऊन गेला होता. निरोप फिरत फिरत पोचला आणि तो आला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. गोजरबाई म्हणाली, शेवटच्या दोन दिवसांत ती काही बोलली नाही, पाणी मागितलं तेवढंच.

पुढं चारेक वर्षं खेळ कसाबसा चालला. जत्रांतून तंबूतला सिनेमा येऊ लागला होता. त्यात घोडे पडत, घरं जळत. पाय नसलेल्या बाहुल्यांसमोर कोण थांबणार? इंद्रभाननं डोळे गेल्यावर पेटी बंद केली. कडूबाकडे दुसरं काही काम नव्हतं. तो गावी आला आणि मळा पाहू लागला, कारण अर्जुनरावांच्यानं आता मोट हाकणं होत नव्हतं.

एका घरात दोघं पुरुष राहू लागले. कडूबा स्वयंपाक करी, अर्जुनराव मुकाट्यानं खात. पाणी, बैल, मिरचीवरची कीड, याच्यापलीकडे बोलणं जात नसे. एकदा दुपारी वांग्याच्या वाफ्यात बसलेले असताना अर्जुनरावांनी अचानक विचारलं, "तुह्या खेळात ती रानी डोक्यावर हात घे. तुही माय खरंच घे काय तसे?"

कडूबानं खुरपं थांबवलं. "हाव. दरवेळी."

"मले मालूम नोतं," अर्जुनराव म्हणाले. "माही पाठ राहे ना तिच्याकडे. मी वळू तवर हात वर गेलेले राहत. मले वाटे, मी वळल्यावर घेते."

"मालूम असतं त काय केलं असतं?"

अर्जुनरावांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला. "काय सांगू?" ते म्हणाले.

कडूबा उठला आणि विहिरीकडे गेला. त्या दिवशी त्यानं भाकरी टाकली नाही आणि बापानंही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी टाकली. अर्जुनराव त्यानंतर सहा वर्षं जगले, आणि सहाही वर्षं कडूबानं त्यांचं जेवणखाण, औषधपाणी केलं. गावातले लोक म्हणत, पोरगा असावा तर असा. ते ऐकलं की कडूबा तिथून निघून जाई.

लग्न त्यानं केलं नाही. धामणगावच्या शाळेतल्या एका मास्तरांनी पोरांना बाहुल्या शिकवायला ये म्हणून दोनदा बोलावलं. एकदा तो गेला. चालणं शिकवलं, वाकणं शिकवलं, बसणं शिकवलं. मारामारी कधी शिकवणार, असं पोरं विचारू लागली तेव्हा तो पुन्हा गेला नाही.